आनंदाची इर्जिक

आमच्या चर्चच्या भिंतीवर, वेदीच्या उजव्या हाताला, निळ्या ऑइलपेंटनं बायबलातलं एक वचन लिहिलं आहे : ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा.’ खाली बारीक अक्षरात फिलिप्पै ४:४. लिहिणारा गावातलाच, एरवी किराणा दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्यामुळे ‘आनंद’ या शब्दाला त्यानं सवयीनं पिवळी सावली देऊन टाकली आहे. लहानपणी हे वाक्य मला सोपं वाटायचं. पुढे कितीतरी वर्षं ते खटकत राहिलं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या अंगाला. शेती बहुतेक कोरडवाहू. मंडळी, म्हणजे या चर्चची माणसं, जेमतेम पंचवीस-तीस घरं, त्यातली निम्मी दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाणारी. मृग कोरडा गेला, पेरलेलं दडपलं, दुबार पेरणीचं बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर उचललं, आणि तेवढ्यात सोसायटीचा माणूस थकबाकीची यादी घेऊन दारात उभा राहिला, तरीही आनंद? ‘सर्वदा’ म्हणजे तेव्हाही धरायचं ना?

खरं सांगायचं तर मला त्रास व्हायचा तो ते वचन घेऊन फिरणाऱ्यांचा. शेजारच्या गावात आमच्याच नात्यातल्या एका शेतकऱ्यानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिला. मागे बायको, दोन पोरं, सासू. तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेला बाहेरगावाहून एक प्रचारक आले होते. चांगले इस्त्रीचे कपडे, खिशात दोन पेनं. त्यांनी त्या बाईकडे बघून सांगितलं, ‘रडायचं नाही बाई, ख्रिस्ती माणसानं सर्व परिस्थितीत आनंद मानायचा असतो.’ बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग कोपऱ्यात बसलेली माझी मोठी मावशी बोलली. तिला अक्षर ओळखत नाही, पण शुभवर्तमानं तिला ऐकून पाठ आहेत. म्हणाली, ‘साहेब, लाजराच्या कबरीवर येशू रडला होता का नाही? त्याले तं मालूम होतं का थो लाजराले उठवणार हाय. तरी रडला. मंग इले रडू द्या.’

प्रचारकांनी लगेच प्रार्थना सुरू केली. मावशीनं डोळे मिटले नाहीत.

बायबलातल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांची गोष्ट मला अशा वेळी आठवते. ते तिघं आले, त्याची दशा पाहून मोठ्यानं रडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी केलेलं तेवढंच काम नीट झालं. आठव्या दिवसापासून ते समजावायला लागले आणि पुढचे कितीतरी अध्याय ऐकणाऱ्याचा जीव नकोसा करून टाकला. आमच्याकडे सांत्वनाला जाणाऱ्यांना हा भाग आधी वाचायला द्यावा असं माझं फार दिवसांचं मत आहे.

बायबलातल्या दीडशे स्तोत्रांत जवळपास तिसरा हिस्सा रडगाण्यांचा आहे. ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ असं विचारणारी, ‘मला का विसरलास?’ म्हणून भांडणारी. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एक किरणही नाही. ते कोणी पुस्तकातून काढून टाकलेलं नाही. म्हणजे देवासमोर तोंड वाकडं करून बसायची सोय पुस्तकातच करून ठेवलेली आहे. तिचा वापर आमच्या रविवारच्या उपासनेत फार कमी होतो, ही माझी तक्रार.

तर भिंतीवरचं ते वचन. प्रेषित पौलानं ते एका पत्रात लिहिलं तेव्हा तो कैदेत होता. ज्या फिलिप्पै गावाला लिहिलं तिथेही तो आधी एकदा तुरुंगात पडलेला. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्यं’ या पुस्तकात सोळाव्या अध्यायात ते सगळं येतं : छड्यांचे फटके, आतली कोठडी, पाय खोड्यात अडकवलेले, आणि मध्यरात्री पौल आणि त्याचा सोबती सीला गाणी म्हणताहेत. पुढे भूकंप होतो, दारं उघडतात, आणि सांगणारे बहुतेक भूकंपाकडेच धाव घेतात. मला त्याआधीचं एक लहानसं वाक्य जास्त आवडतं. बाकीचे कैदी त्यांचं गाणं ऐकत होते. पाठीवरचे वळ ताजे, झोप शक्य नाही, आणि दोघांचं गाणं अख्खा तुरुंग ऐकतोय. त्या कैद्यांतला एखादा तरी वैतागला असेलच की काय हे अर्ध्या रात्री! पण ऐकत होते.

काही वर्षांनी पौल त्याच गावच्या मंडळीला चार अध्यायांचं पत्र पाठवतो. त्यात आनंदाचा उल्लेख पंधरा-सोळा वेळा येतो. पण पत्र सबंध वाचलं की दुसरंही काही दिसतं. ज्याच्या हाती तो हे पत्र पाठवतो तो माणूस मरता मरता वाचलेला असतो, आणि पौल सरळ लिहितो की देवानं त्याच्यावर दया केली, माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे आनंदाचं पत्र लिहिणाऱ्याजवळ एक दुःख होतंच, दुसरं थोडक्यात टळलं होतं. आणि ‘सर्वदा आनंद करा’ याच्या अगदी वर, दोनच ओळी आधी काय आहे? मंडळीतल्या दोन बायकांची नावं घेऊन विनंती, की बायांनो, आता एकमेकींशी पटवून घ्या. भांडण कशावरून होतं ते त्यानं लिहिलं नाही. मला मात्र खात्री आहे की सतरंज्या आणि चहाच्या किटलीवरून असणार, कारण आमच्या महिला मंडळात दुसरं कारण मी पाहिलेलं नाही.

हे पत्र एकट्यानं देवघरात बसून वाचायला नव्हतंच. ते अख्ख्या मंडळीसमोर मोठ्यानं वाचलं गेलं असणार. ऐकणाऱ्यांत जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया असेल, त्या भूकंपाच्या रात्री विश्वास ठेवलेला तुरुंगाचा अधिकारी आणि त्याच्या घरचे असतील, आणि त्या भांडलेल्या दोघी एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या असतील. ‘आनंद करा’ हे त्या सगळ्यांना मिळून सांगितलेलं होतं. ही गोष्ट मला पुस्तकातून समजली नाही. ती मी २०१७ साली आमच्याच चर्चमध्ये पाहिली.

ते वर्ष यवतमाळकरांना विसरता येणार नाही. आधी फवारणीनं माणसं गेली. ऑगस्टपासून पुढच्या दोन-तीन महिन्यांत जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती; फवारा मारणाऱ्याच्या तोंडावर, डोळ्यांत सगळं यायचं. माझ्या भावाचा सालदार चार दिवस यवतमाळला दवाखान्यात पडून होता. डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं त्याला. तो वाचला. मग गुलाबी बोंडअळी. जिला अळी लागणार नाही म्हणून महागाचं बीटी बियाणं लावलं, तिलाच. शेतकऱ्याला ती आधी फुलात दिसते. पाकळ्या पिळवटून एकमेकींना चिकटतात, फूल उमलत नाही. आम्ही त्याला डोमकळी म्हणतो. पण सगळ्याच अळ्या अशी खूण देत नाहीत. बोंड बाहेरून हिरवंगार, भरलेलं, आणि फोडलं की आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली. तो कवडी कापूस व्यापारी हातातसुद्धा घेत नाही. पहिला वेचा बरा निघाला म्हणून भाऊ खूश होता. दुसऱ्या वेच्याला बायांनी मजुरी नको म्हटलं, कारण दिवसभरात किलोचंही मोल होईना. डिसेंबरात कित्येकांनी उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडली, रोटावेटर फिरवला.

आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे हंगामाचा सण असतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पीक घरात आलं की प्रत्येक घर त्यातलं काही चर्चमध्ये आणतं : कापूस, तूर, ज्वारी, भोपळे, कोहळं, अंडी, जिवंत कोंबडी, शेळी असेल तर शेळी. वेदीपुढे सगळं मांडतात. उपासना होते, मग बाहेर मांडवात लिलाव. गंमत अशी की लिलावात घेतलेली वस्तू घेणारा पुन्हा दान करतो, ती पुन्हा लिलावाला येते. एक कोहळं चार-चार वेळा विकलं जातं. त्या पैशांतून चर्चचं वर्षाचं बरंच भागतं.

त्या वर्षी पंचांच्या बैठकीत खजिनदार म्हणाले, यंदा सण ठेवू नये. लोकांचे हात रिकामे आहेत, त्यांना चारचौघांत लाजवायचं कशाला? त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझा भाऊ तर तिरसटून म्हणाला, ‘कायचा सण? देवाले अळी दाखवू का?’

तेव्हा आमच्यातले एक जुने वडील, म्हणजे मंडळीतले जाणते, उठले. सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी ते यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत बागकाम करायचे. ती ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था १९५३मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३मध्ये पुण्याला गेली. हे मात्र पाण्याची झारी खाली ठेवून गावी परतले. विद्यार्थी झाडाखाली बसून पाठांतर करत, ते ऐकून ऐकून यांना अख्खे अध्याय तोंडपाठ झालेले. त्यांनी बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय म्हणायला सुरुवात केली. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं उत्पन्न बुडालं, शेतात पीक नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. इथवर आले आणि थांबले. म्हणाले, ‘हे आपलंच हाय न? अंजिराच्या जागी पऱ्हाटी म्हना, जैतुनाच्या जागी तूर म्हना. बरं, मंग थो काय म्हणते? तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन म्हणते. हे झालं. आता खालची ओळ कोनी वाचतच नाई. खाली लिवलं हाय, मुख्य गवयासाठी, तंतुवाद्यावर म्हणायचं. म्हंजे हे गाणं हाय बाप्पा! बुडाल्या पिकाचं गाणं, आन् ते वाजवून म्हणाचं हाय. पेटी काढा.’

पेटी कोणी लगेच काढली नाही. अर्धा तास वाद झाला. भाऊ मध्येच उठून गेला. पण सण झाला.

लोकांनी आणलं काय? एकीनं अंबाडीची जुडी आणली. एकीनं लसणाच्या दोन गड्ड्या. कुणी वालाच्या शेंगा, कुणी शेवग्याची पानं. शाळकरी पोरांनी बांधावरची कच्ची बोरं गोळा करून आणली, त्यातली अर्धी वाटेतच खाल्ली होती. सालदाराची बायको एका कोंबडीची तीन अंडी पदरात घेऊन आली. नवरा तिच्या मागे हळूहळू, गॉगल लावून. आणि माझा भाऊ, जो म्हणे येणारच नव्हता, तो पऱ्हाटीची पाच-सहा झाडं मुळासकट उपटून, दोरीनं मोळी बांधून, खांद्यावर टाकून आला आणि धाडकन् वेदीपुढे टाकली. बोंडं सगळी किडकी. कोणी काही बोललं नाही. पाळकसाहेबांनी ती मोळी उचलून इतर वस्तूंच्या रांगेत, भोपळ्याच्या शेजारी, नीट उभी करून ठेवली. त्यांनी त्यावर प्रवचन केलं नाही याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

लिलावात बोरं दोनशे रुपयांना गेली. घेणारा आमच्या गावचा, नागपूरला ट्रकवर असतो. त्यानं ती परत दिली, पुन्हा दीडशेला गेली. अंडी तीनदा फिरली आणि शेवटी परत सालदाराच्या बायकोकडेच आली. मग आली पऱ्हाटीची मोळी. बोली कोण लावणार? शाळेतले गुरुजी ओरडले, ‘अरे, हे इथे ठेवू नका, अळी जमिनीत उतरेल, पुढच्या साली पुन्हा येईल. जाळून टाका!’ लोक हसायला लागले. तेवढ्यात त्या जुन्या वडिलांनी बोली लावली, अकरा रुपये. कुणी एकवीस म्हटलं. वाढत वाढत एकशे एकावर गेली. ज्यानं घेतली त्यानं विचारलं, आता हिचं करू काय? ‘जाळ न बे, तुझ्या मालकीची हाय आता!’ हे माझा भाऊ म्हणाला, आणि स्वतःच खो खो हसत सुटला. कितीतरी आठवडे त्याच्या घरात कोणी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. चर्चच्या मागे मोळी पेटवली. पोरं भोवती नाचली. संध्याकाळी पेटी, ढोलकी, टाळ काढून बाया-माणसं रात्री उशिरापर्यंत गात बसली.

कर्ज तसंच होतं. सोमवारी सकाळी भाऊ पुन्हा तसाच गप्प झाला. त्या रविवारी चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. त्याचं नुकसान सगळ्यांसमोर, वेदीपुढे, दानाच्या रांगेत ठेवलं गेलं आणि त्यालाही बोली लागली, एवढंच झालं.

आमच्या मंडळीचा उगमच तसा बुडालेल्या वर्षांतला. वऱ्हाडातल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांची मुळं १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत सापडतात. माझी पणजी मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेली. तिला स्वतःचं आडनाव आठवत नव्हतं, आईच्या हातावरचं गोंदण आठवत होतं. पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात येऊन उपासमारीतल्या मुली आपल्याबरोबर घेऊन गेल्या, हे पणजीच्या पिढीला चांगलं ठाऊक होतं. रमाबाईंना भूक कशी असते ते कुणी सांगावं लागलं नाही. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली होती. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षं होण्याआधीच १८८२मध्ये पटकीनं नवरा गेला. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१मध्ये गेली. त्यानंतर वर्षही न उलटता, ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. तोवर त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो मुलींना घर दिलं होतं आणि बायबलचं मराठी भाषांतर स्वतः पुरं केलं होतं. त्यांचे फोटो पाहिले तर चेहऱ्यावर हसू फारसं सापडत नाही. पण इतकी माणसं पुरून जी बाई पुन्हा दुसऱ्यांची पोरं गोळा करायला निघते, तिच्यात काही आटलेलं नव्हतं एवढं नक्की. त्याला मी आनंद म्हणते. दुसऱ्या कुणी जिद्द म्हणावी, माझी हरकत नाही.

माझी स्वतःची पाळी नंतर आली. नवऱ्याला अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. नागपूरच्या खेपा, एसटीच्या मागच्या सीटवर त्यांना आडवं करून आणणं, केमोनंतर पाण्याचा घोटही न जाणं, हे ज्यांच्या घरी झालंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगून कळायचं नाही. मी पुढे जाते.

त्या काळात माझं गाणं बंद झालं. मी चर्चमध्ये पेटी वाजवते, लग्नाआधीपासून. तोंडाला गाण्याचे शब्द येईनात. प्रार्थनाही ‘हे देवा’च्या पुढे सरकेना. दर बुधवारी आमच्याकडे कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना असते. बायांनी परस्पर ठरवून टाकलं की इथून पुढे बुधवार माझ्याच घरी. मला विचारलं नाही. सतरंज्या त्यांच्याच, चहा-साखरही त्यांचीच, किटलीसुद्धा (तीच ती भांडणाची). आतल्या खोलीत नवरा पडलेला, बाहेर दहा-बारा बाया गाताहेत, आणि मी उंबऱ्यावर, ना आत ना बाहेर. एकदा मी मावशीला म्हटलं, ‘मावशी, तुम्ही गाता त्यातलं मला आता काहीच खरं वाटत नाही.’ तिला धक्का बसला नाही. म्हणाली, ‘तुले वाटाची गरज नाई माय. आमाले वाटते न सद्या. आमी म्हणतो. तुही पाळी आली का तू म्हण.’

शेतकऱ्याघरी हे समजायला वेळ लागत नाही. कुणाचा बैल मेला, कुणी आजारी पडलं, पेरणीची ओल उडून चालली, की गावातले दहा-बारा जण आपापली जोडी घेऊन त्याच्या वावरात उतरतात आणि एका दिवसात काम उरकून देतात. इर्जिक म्हणतात तिला. त्या दिवशी मालकानं वखर धरायचा नसतो. त्यानं धुऱ्यावर बसायचं आणि सगळ्यांच्या जेवणाचं बघायचं. मजुरीचा हिशेब नाही, फक्त पुढे कुणावर वेळ आली तर आपली जोडी न्यायची, हे न बोलता ठरलेलं असतं. माझ्या घरी त्या बुधवारांनी आनंदाची इर्जिक घातली. माझं वावर त्यांनी पेरलं. पौल पत्र मंडळीला लिहितो, एकट्याला लिहीत नाही, याचा अर्थ मला उंबऱ्यावर बसून लागला. ज्याला विश्वासाचं एकही वाक्य जड झालंय त्याच्या वाट्याचं शेजारच्यानं म्हणायचं. सगळे एकाच आठवड्यात मोडून पडत नाहीत, ही देवाची मोठी सोय आहे.

नवरा ऑक्टोबरात गेला. दोन महिन्यांनी नाताळ. ज्या घरी माणूस गेलं त्या घरी वर्षभर सणाची कढई चढत नाही, हे आमच्याकडे सगळे पाळतात, हिंदू असो, बौद्ध असो, ख्रिस्ती असो. मी चूलच पेटवणार नव्हते. पण चोवीस तारखेच्या दुपारपासून ताटं यायला लागली. करंज्या, अनारसे, चिवडा, शेव. शेजारच्या बौद्ध वहिनींचे बेसनाचे लाडू. मुसलमान शिंप्याच्या घरून शीरखुर्मा, तोही ईद नसताना! ‘तुमचा सण आहे म्हणून केला,’ म्हणाले. माझ्या मुलीनं डबे मोजले आणि म्हणाली, ‘आई, आपण दरवर्षी करतो त्याच्यापेक्षा जास्त झालं गं.’

बायबलात नहेम्याच्या पुस्तकात आठव्या अध्यायात असंच आहे. बंदिवासातून परतलेली माणसं नियमशास्त्र ऐकून रडायला लागतात. त्यांना सांगतात, आज रडू नका, जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना ताटं पाठवा, कारण परमेश्वराचा आनंद हेच तुमचं सामर्थ्य. शेवटचा भाग सगळ्यांना पाठ असतो. कॅलेंडरावर छापतात, लग्नपत्रिकेवर छापतात. ताटाचा भाग गाळतात. मला विचाराल तर ताट वगळल्यावर त्या वाक्यात फारसं काही उरत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग यात ख्रिस्ती ते काय? शेजारधर्म तर सगळीकडे आहे. बरोबर आहे. शिंप्याचा शीरखुर्मा ख्रिस्ती नव्हता, पण माझ्या दृष्टीनं त्या वर्षीचा नाताळ त्याच्याशिवाय पुरा झाला नसता. तरी एक फरक आहे, आणि तो लपवून उपयोग नाही. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांना सांगतो की आता तुम्हाला दुःख होईल, तुम्ही रडाल, पण मी तुम्हाला पुन्हा भेटेन आणि तेव्हाचा आनंद तुमच्यापासून कोणी काढून घेणार नाही. आमचा सगळा भार या ‘पुन्हा भेटेन’वर आहे. दुःख हा भास आहे असं आम्ही म्हणत नाही, ते गोड मानून घ्या असंही नाही. गेलेली माणसं परत भेटतील, कारण एकजण कबरीतून बाहेर आला आहे, असं आमचं म्हणणं आहे. हे म्हणणं मोठं आहे. ते खरं तरी असेल नाहीतर खोटं तरी.

ईस्टरच्या पहाटे आम्ही कब्रस्तानात जमतो. एप्रिलचा उकाडा, पळसाचा बहर सरत आलेला, गावाबाहेर मोहाचा वास. मेणबत्त्या लावतात, ‘प्रभू उठला आहे’ म्हणून एकमेकांना सांगतात, गाणी होतात. नवऱ्याच्या कबरीवर अजून सिमेंट केलेलं नव्हतं, मातीच होती. त्या पहाटे मी पेटी वाजवली. गायलेसुद्धा, दोन कडवी. तिसऱ्याला आवाज फुटला नाही, ते मावशीनं ओढून नेलं.

उपासना संपल्यावर खारी आणि चहा वाटत होते. भाऊ माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, ‘ताई, एक इचारू? हे उठणं-बिठणं खरं नसंन तं?’

मी म्हटलं, ‘तर मग आपण फसलो.’

‘असं कसं बोलतं?’

‘मी नाही बोलत. पौलच बोलतो. पहिलं करिंथ, पंधरावा अध्याय. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास फुकट, आणि सगळ्या माणसांत आपणच सगळ्यांत कीव करण्यासारखे.’

भावानं चहात खारी बुडवली. ‘हे भिंतीवर कोनी लिवत नाई,’ म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, ‘पर मानूस हिशेबाचा दिसते. पीक बुडालं तं बुडालं म्हणून सांगते.’ मग त्यानं विचारलं की वखरणीला ट्रॅक्टरवाला डिझेलचे पैसे आगाऊ मागतोय, माझ्याकडे आठवडाभरासाठी हजार-दीड हजार होतील का. मी म्हटलं, घरी चल, बघते.